लोकांना विचारलं, आणि तिकीट दुसऱ्यालाच गेलं

पत्राचा गोषवारा: महापालिका असलेल्या एका शहरातून एका कार्यकर्त्याचं पत्र आलं आहे. ते एका पक्षाचे बूथप्रमुख आहेत. पगारी नाहीत. स्वतःचा छोटा व्यवसाय सांभाळून संध्याकाळी पक्षाचं काम करतात. मतदार याद्या तपासणं, नवी नावं नोंदवणं, मतदानाच्या दिवशी लोकांना घराबाहेर काढणं, हे सगळं ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. या वेळी प्रभागातली एक जागा महिलांसाठी राखीव झाली. शहराध्यक्ष बैठकीत म्हणाले, "लोकांना विचारा, लोक म्हणतील त्यालाच तिकीट." पत्रलेखकांनी ते मनावर घेतलं आणि वही घेऊन शंभर-सव्वाशे घरं पालथी घातली. बहुतेकांनी एकाच बाईंचं नाव घेतलं. त्या निवृत्त शिक्षिका, पक्षाच्या जुन्या सदस्य, पाणी आणि ड्रेनेजच्या तक्रारींचा पाठपुरावा करणाऱ्या. इच्छुकांच्या मुलाखतींनाही त्या गेल्या होत्या. आता मात्र कळतंय की एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, दुसऱ्या पक्षातून नुकत्याच आलेल्या एका माजी नगरसेवकाच्या पत्नीला मिळणार. कारण विचारलं तर "सर्व्हेत त्यांचं नाव आलं" एवढंच उत्तर. पत्रलेखक विचारतात: "मतदारांचा कौल पायदळी तुडवला जातोय. मी पक्षाशी भांडू, बाईंना अपक्ष उभं करू, की गप्प बसून पोलचिट वाटू? आणि ज्यांच्या दारात गेलो त्यांना आता काय तोंड दाखवू?"

तुमचं पत्र वाचताना मी शेवटच्या प्रश्नापाशी थांबले. पक्षाशी भांडावं की नाही, हे तिकीटवाटपाच्या दिवसांत पुष्कळ कार्यकर्ते विचारतात. ज्यांना विचारून आलो त्या लोकांचं काय, हे फार थोड्यांच्या मनात येतं. तुमच्या मनात ते आलं, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते. काही गोष्टी तुम्हाला लागतील, पण तुमच्याबद्दल आदर आहे म्हणूनच लिहिते आहे.

मतदारांचा कौल मिळाला, असं तुम्ही म्हणता. तो नक्की किती मिळाला, हे आधी बघू. मुंबई सोडली तर आपल्याकडच्या बहुतेक महापालिकांत एका प्रभागातून साधारण चार जण निवडले जातात आणि अशा प्रभागात मतदार हजारांनी असतात. तुम्ही गेलात त्या घरांपैकी किती घरांत तुम्हाला आधीपासून ओळखत होते? पक्षाला कधीच मत न देणाऱ्यांच्या दारात गेलात का? भाडेकरू, रात्रपाळी करणारे, वस्तीच्या पलीकडच्या टोकाचे लोक, पहिल्यांदा मत देणारी मुलं, यांतले किती जण तुमच्या वहीत आहेत? आणि प्रश्न कसा विचारलात? "या बाई कशा वाटतात?" असं ओळखीच्या कार्यकर्त्याने उंबऱ्यात उभं राहून विचारलं तर माणूस सहसा चांगलंच बोलतो. "आपल्या प्रभागात कोण उभं राहावं असं वाटतं?" असं विचारून समोरच्याने आपण होऊन नाव घेतलं असेल, तर त्याचं वजन निराळं.

तुमची वही निरुपयोगी आहे, असं मला मुळीच म्हणायचं नाही. बंद खोलीत बसून ठरवणाऱ्यांपेक्षा तुम्ही लोकांच्या कितीतरी जवळ गेलात. पण जे हातात आहे तेवढाच दावा करा. "मतदारांनी बाईंना निवडलं" असं म्हणालात तर पहिल्याच प्रश्नाला तुम्ही अडकाल. "मी अमुक भागातल्या इतक्या घरी विचारलं, त्यातल्या इतक्यांनी आपण होऊन हे नाव घेतलं आणि ही कारणं सांगितली" असं म्हणालात, तर ते खोडून काढायला पक्षाला त्यांचा सर्व्हे टेबलावर ठेवावा लागेल.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. समजा, शहराध्यक्षांनी कुणालाही न विचारता थेट तुमच्या बाईंना तिकीट दिलं असतं. तेव्हा तुम्ही मतदारांच्या मानाबद्दल मला पत्र लिहिलं असतं का? प्रामाणिकपणे उत्तर द्या, मला कळवायची गरज नाही. अनेकदा कार्यकर्त्याचा स्वतःचा अपमान मतदारांच्या नावाने बोलत असतो. तुमचाही अपमान झाला आहे, आणि तो खरा आहे. तुम्हाला काम सांगितलं, तुम्ही ते केलं, आणि ते पाहण्याची तसदीही कुणी घेतली नाही. त्याबद्दल बोलण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त "माझं ऐकलं नाही" आणि "लोकांचं ऐकलं नाही" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्या वेगळ्या ठेवल्यात तर दोन्हींना जोर येईल.

आणि ज्यांना तिकीट मिळतंय त्या बाईंविषयी तुमच्या पत्रात एक ओळसुद्धा नाही. त्या फक्त कुणाच्या तरी पत्नी आहेत. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे, आणि जागा राखीव झाली की घरातल्या बाईचा अर्ज भरायचा, कारभार मात्र नवऱ्याने करायचा, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तुमची शंका निराधार नाही. पण नवऱ्याच्या नावावर निवडून येऊन पुढे स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्या बायकाही आहेत. या बाई कोणत्या प्रकारच्या, हे तुम्हाला अजून माहीत नाही, मलाही नाही आणि मतदारांनाही नाही. मतदारांना ते कळण्याची सोय करणं तुमच्या हातात आहे. त्याकडे पुढे येते.

आता पक्षाची बाजू. ती समजून घेतल्याशिवाय मांडणी नीट होणार नाही. उमेदवारी कुणाला द्यायची हा कायद्याने पक्षाचा अधिकार आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-अ कलमाखाली पक्षाची नोंदणी होते, तेव्हा राज्यघटना, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाहीवर निष्ठा असल्याचं पक्षाला लिहून द्यावं लागतं. पण उमेदवार निवडताना सदस्यांना किंवा मतदारांना विचारलंच पाहिजे, असं बंधन कोणताही कायदा घालत नाही. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात आणि पुन्हा २०१५ च्या २५५ व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीची शिफारस केली. ती शिफारसच राहिली. म्हणून "आमचा हक्क डावलला" ही भाषा टिकणार नाही. तुमच्या बाजूने भक्कम गोष्ट एकच आहे: शहराध्यक्षांनी बैठकीत दिलेला शब्द. "लोकांना विचारा" हे त्यांनी स्वतः सांगितलं होतं. न विचारणं हा पक्षाचा अधिकार असेल, पण विचारायला लावून उत्तर न पाहणं हा विचारलेल्या माणसांचा अनादर आहे. मांडणी इथून सुरू करा.

नेतेही काही हिशेब करतात, आणि तो प्रत्येक वेळी वाईटच असतो असं नाही. चार जणांचं पॅनल करताना प्रभागाचा कोणता भाग कुणाच्या ताब्यात आहे, मित्रपक्षाला कोणती जागा सुटली, खर्च कोण पेलेल, हे त्यांना बघावं लागतं. यावर "बाई नक्की निवडून येतील" असा वाद घालू नका. ते तुम्हालाही ठाऊक नाही. २०१४ च्या लोकसभेआधी काँग्रेसने काही मतदारसंघांत पक्षातल्या लोकांचं मतदान घेऊन उमेदवार ठरवले. आपल्याकडचे वर्धा आणि लातूर त्यांत होते. दोन्ही जागा पक्ष हरला. त्या साली वारं कुठे होतं ते सर्वांना आठवतं, त्यामुळे हरण्याचा दोष त्या पद्धतीला देता येत नाही. पण विचारून निवडलेला उमेदवार जिंकतोच, असंही त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय तिथे मत पक्षाच्या माणसांनी दिलं होतं. सामान्य मतदाराला कुणी विचारलं नव्हतं. तसं इंग्लंडमध्ये झालं. २००९ साली टॉटनेस मतदारसंघात काँझर्वेटिव्ह पक्षाने तिथल्या प्रत्येक मतदाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, टपालाने मतपत्रिका पाठवली. लोकांनी डॉ. सारा वोलॅस्टन या स्थानिक डॉक्टरांना निवडलं आणि पुढच्या वर्षी त्या खासदार झाल्या. प्रयोग खर्चिक होता, म्हणून फारसा रुजला नाही. पण मतदाराला विचारल्याने पक्षाची सत्ता जात नाही, एवढं त्यातून दिसलं.

जिंकण्याचा मुद्दा सोडला तर मग कशावर भर द्यायचा? कारण देण्यावर. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०२० रोजी एक निकाल दिला. ज्याच्यावर गुन्हे प्रलंबित आहेत अशा व्यक्तीला संसद किंवा विधानसभेची उमेदवारी दिली, तर तिलाच का निवडलं आणि गुन्हे नसलेलं दुसरं कुणी का नाही, हे पक्षाने जाहीर केलं पाहिजे. "निवडून येण्याची क्षमता" एवढं एकच कारण चालणार नाही, असंही त्यात आहे. तुमच्या प्रकरणाला हा निकाल थेट लागू होत नाही. पण त्यामागचा विचार प्रभागातही तितकाच खरा आहे: निवड करणाऱ्याने निवडीचं कारण मत मागण्याआधी सांगावं. "सर्व्हेत नाव आलं" हे कारण झालं नाही. सर्व्हे कधी झाला, किती लोकांना विचारलं, त्यात तुमच्या बाईंचं नाव पर्याय म्हणून होतं का? नाव दिलंच नसेल तर ते येणार कुठून?

एबी फॉर्म अजून हातात पडलेला नसेल तर आजच एक पानाचं निवेदन लिहा. जास्त लिहू नका, नेते वाचत नाहीत. शहराध्यक्ष आणि पक्षाने पाठवलेले निरीक्षक, दोघांना द्या आणि पोच घ्या. बैठकीची तारीख, तिथे दिलेली सूचना, तुम्ही काय केलं, लोकांनी बाईंचं नाव कोणत्या कामांमुळे घेतलं, आणि त्यांच्याविरुद्ध काय बोलले तेही. हो, विरुद्धचंही लिहा. "वय झालं", "पैसे खर्च करणार नाहीत", "बोलायला कडक आहेत" असं कुणी म्हणालंच असेल. ते लपवलंत तर सगळ्या कागदावरचा विश्वास जाईल. शेवटी मागणी करा: निर्णय काहीही असो, त्याचं कारण प्रभागातल्या सदस्यांना बैठकीत सांगावं, आणि उमेदवाराने प्रचाराआधी प्रभागात येऊन लोकांच्या प्रश्नांना स्वतः उत्तरं द्यावीत. शक्य असेल तर दुसऱ्या बूथच्या दोन-तीन जणांच्या सह्या घ्या, पण ज्यांनी स्वतः घरोघर विचारलं त्यांच्याच.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. ती वही कुणालाही देऊ नका. कोणत्या घराने कुणाचं नाव घेतलं, हे लोकांनी तुमच्या भरवशावर सांगितलं आहे. उद्या तोच कागद निवडून आलेल्या माणसाच्या हाती पडला, तर नळजोडणी अडली किंवा दाखल्याची सही रखडली म्हणून भोगणार ती घरं. आकडे द्या, कारणं द्या, नावं आणि पत्ते नको. निवडणूक संपली की वही फाडून टाका. हे मी तुम्हालाच सांगत नाही. घरोघर फिरून मोबाईलवर याद्या भरणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला सांगते, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

आता अपक्षाचं. "बाईंना अपक्ष उभं करू का" असं तुम्ही लिहिलंत. उभं राहायचं की नाही हे बाई ठरवतील. त्यांनी ही इच्छा बोलून दाखवली आहे का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. आधी त्यांच्या घरी जा. त्यांना काय वाटतं ते ऐका. त्या उभ्या राहणार असतील तर पुढच्या गोष्टी त्यांना आधी माहीत हव्यात. अपक्षाला चिन्ह अर्ज माघारीची मुदत संपल्यावर मिळतं, त्यामुळे ते लोकांपर्यंत पोचवायला फार थोडे दिवस उरतात. चार सदस्यांच्या प्रभागात पक्षाचं पॅनल "चारही मतं एकाच चिन्हाला" म्हणून मागतं. एकट्या बाईला प्रभागभर फिरून एकच मत वेगळं मागावं लागतं. खर्चाचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत द्यावा लागतो, हरलं तरी. आणि "निवडून येऊन परत पक्षात जाऊ" असं कुणी समजावत असेल, तर १९८६ चा महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा त्याला दाखवा. अपक्ष म्हणून निवडून आलेल्या सदस्याने नंतर पक्षात प्रवेश केला, तर त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. माघारीच्या दिवशी फोन येतील, घरी माणसं येतील, निवडणुकीशिवाय मिळणाऱ्या स्वीकृत सदस्यपदाचं किंवा एखाद्या समितीचं आश्वासन मिळेल. ते नाकारायची तयारी असेल तरच अर्ज भरावा. अर्ज भरून सौदा करणं, हाही लोकांचा अपमानच.

त्या उभ्या राहिल्या आणि तुम्हाला त्यांचं काम करायचं असेल, तर बूथप्रमुखपदाचा राजीनामा देऊन करा. पदावर राहून आतून दुसऱ्याला मदत करायची, हे आपल्या राजकारणात इतकं चालतं की लोकांना त्यात काही वावगंही वाटेनासं झालंय. पण ज्या दारात तुम्ही पक्षाचा कार्यकर्ता म्हणून उभे राहाल, त्या दारातल्या माणसाला तुम्ही फसवत असाल. तुमचं पत्र मतदाराच्या मानाबद्दल आहे, म्हणून हा मार्ग तुमच्यासाठी बंद आहे असं मी धरते. 'नोटा'चंही तसंच. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये आदेश काढला, की स्थानिक निवडणुकीत 'नोटा'ला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. त्यामुळे तो मतदाराच्या हातातला खरा पर्याय आहे. पण त्याचा प्रचार करायचा असेल तर उघडपणे, पक्षाचं पद सोडून.

आणि गप्प बसून पोलचिट वाटायचा पर्याय? पक्षात राहण्यात कमीपणा नाही. उरलेल्या तीन जागांवरचे उमेदवार तुम्हाला पटत असतील, पक्षाचा विचार आजही तुमचा असेल, तर जरूर राहा. पण गप्प बसू नका. दारात कुणी विचारलं, "अहो, तुम्ही तर बाईंचं म्हणत होता?", तर "वरून आलं, काय करणार" असं म्हणून सुटू नका. सरळ सांगा: "मी बाईंचं नाव सुचवलं होतं. पक्षाने दुसरं ठरवलं. मला सांगितलेलं कारण हे. उमेदवार अमुक दिवशी आपल्या चौकात येणार आहेत, तुम्ही या आणि विचारा." ती चौकातली बैठक मात्र तुम्ही घडवून आणा. नव्या उमेदवार स्वतः बोलतील, नवरा त्यांच्या वतीने उत्तरं देणार नाही, एवढी एक अट पक्षाकडून कबूल करून घ्या. त्यांनी अर्जासोबत दिलेलं शपथपत्र, म्हणजे मालमत्ता, शिक्षण, गुन्हे, हे लोकांना वाचायला ठेवा. क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली, पण बहुतेक ठिकाणी ती कागदावरच आहे. निवडून आल्यावर ती घ्याल का, हे त्यांना चारचौघांत विचारा. कदाचित त्या चांगलं बोलतील आणि तुमचं मत बदलेल. नाही बोलल्या तर लोकांनी ते स्वतः पाहिलेलं असेल.

आता तोंड दाखवण्याचं. मला वाटतं, तुम्ही सगळ्यात आधी हेच करायला हवं, पक्षाच्या कार्यालयात जाण्याच्याही आधी. ज्या घरांत विचारायला गेलात तिथे परत जा. सगळीकडे जमणार नाही, जमेल तितक्या घरी जा. "तुम्ही नाव सांगितलं होतं, मी ते वर पोचवलं, ते मान्य झालेलं दिसत नाही, मी लेखी कारण मागणार आहे," एवढंच सांगा. लोक रागावतील. कुणी म्हणेल, "मग विचारलंत कशाला?" ऐकून घ्या, आणि पक्षाची बाजू मांडायची घाई करू नका. माझ्या पाहण्यात, लोकांचा राजकारणावरचा राग बहुतेक वेळा नाही म्हटल्याचा नसतो. विचारून गेलेला माणूस परत आलाच नाही, याचा असतो. तुम्ही परत गेलात तर निदान त्या घरांत पुढच्या वेळी दार उघडेल, आणि तिथे मिळणारं उत्तर खरं असेल.

बहुतेक ठिकाणी तीन-चार वर्षं, काही ठिकाणी पाच वर्षांहून जास्त, आपल्या महापालिका प्रशासकांच्या ताब्यात होत्या. मुंबईची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. रस्त्याचा खड्डा कुणाला सांगायचा, हेही त्या काळात लोकांना कळत नव्हतं. नगरसेवक असणं म्हणजे काय, याची किंमत त्यांना आता नव्याने समजली आहे. म्हणून तिकिटाची पद्धत बदलायची मागणी करायला हा काळ बरा आहे, पण ती अर्ज भरायच्या आठवड्यात करू नका. तेव्हा प्रत्येक मागणी कुणाच्या तरी बाजूची वाटते. निकाल लागून धुरळा बसला की तुमच्यासारखे चार-पाच बूथप्रमुख मिळून शहराध्यक्षांकडे जा. पुढच्या वेळी सर्व्हेत प्रत्येक इच्छुकाचं नाव असावं आणि त्यातले प्रश्न इच्छुकांना आधी दाखवावेत. प्रभागात एक उघडी बैठक व्हावी आणि तिथे सगळे इच्छुक एकाच व्यासपीठावर बोलावेत. पक्षात प्रवेश करून अमुक महिने झाल्याशिवाय तिकीट नाही, आणि अपवाद केलाच तर त्याचं कारण लेखी द्यावं. हे शहर कार्यकारिणीच्या ठरावात नोंदवून घ्या. तुमचा उमेदवार जिंकलेला असो वा हरलेला, मागणी हीच ठेवा. आणि या वेळी ज्या बाईंना तिकीट मिळालं, त्या निवडून आल्या असतील तर त्यांनाही त्या शिष्टमंडळात यायला सांगा.